कुंदाताईंच्या कोऱ्या वह्या

कुंदाताई गेल्याचे कळले तेव्हा मला आधी वाटली ती सुटका. दुःख नंतर आले आणि ते अजून उतरलेले नाही. पण पहिला क्षण सुटकेचा होता, हे कबूल केल्यावाचून त्यांच्याविषयी पुढचे एकही वाक्य लिहिण्याचा मला अधिकार नाही. नऊ वर्षांपूर्वी स्टुटगार्टमधल्या एका सरकारी खोलीत मी खोटे बोललो होतो, आणि ते खोटे आहे हे जाणणारी माझ्याखेरीज जगात एकच व्यक्ती होती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, इंगोलश्टाटच्या माझ्या घरी मी शर्टांना इस्त्री करत असताना मेघनाचा फोन आला. मेघना माझी पूर्वीची पत्नी. "मंदार, कुंदाताई गेल्या. झोपेतच," एवढेच ती म्हणाली आणि रडू लागली. मी "अरेरे" म्हणालो, इस्त्रीचे बटण बंद केले, आणि माझ्या आत काहीतरी सैल झाले... आता कुणालाच ठाऊक नाही. ते सैल होणे मला तेव्हापासून एक दिवस स्वस्थ बसू देत नाही. कामावरून घरी येतो, जोडे काढतो आणि पुन्हा घालून चालायला बाहेर पडतो.

कुंदाताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पन्नास वर्षांपूर्वी इंजिनिअर नवऱ्याचा हात धरून त्या स्टुटगार्टला आल्या, एका वाचनालयात नोकरी केली, नवरा गेल्यावरही टेकडीवरचे ते तिसऱ्या मजल्याचे घर त्यांनी सोडले नाही. आमच्यासारखे पुण्याहून आलेले, कचेरीत इंग्रजीवर निभावणारे आणि सरकारी पत्र उघडले की घाम फुटणारे लोक त्यांच्याकडे लिफाफे घेऊन जायचे. शहराच्या दुभाषांच्या यादीत त्यांचे नाव होते. मोबदला जवळजवळ नाहीच, पण नियम कडक. "घालायचं नाही, गाळायचं नाही, बाहेर न्यायचं नाही," असे त्या बोटांवर मोजत सांगत. आणखी एक नियम होता, जो मला फार उशिरा कळला. दुभाषाने 'हे म्हणतात की' अशी सुरुवात करायची नसते. ज्याचे बोलणे, त्याच्याच जागी उभे राहून बोलायचे. मी "मला दम लागतो" म्हटले की कुंदाताईंनी डॉक्टरांना जर्मनमध्ये "मला दम लागतो" असेच सांगायचे.

गणपतीच्या मेळाव्यात एकदा त्यांनी मला बाजूला घेतले होते. बाणेरचा माझा फ्लॅट रिकामा आहे, हे त्यांच्या कानावर आले होते. "भाडेकरू घरचे हवेत ना तुला? मग माझी भाची घे. नवऱ्याला घोरण्याखेरीज व्यसन नाही." मी हसलो, मोदक खाल्ला आणि होकार दिला. भाची राहायला गेली. भाडे दर महिन्याला माझ्या पुण्याच्या खात्यात पडू लागले. ते मी कधी इथले मानलेच नाही. आमच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात दोन कप्पे असतात, एक इथला आणि एक तिथला, आणि तिथल्या कप्प्याची किल्ली इथल्या कुणाला द्यायची नसते, असा आपला समज. त्या समजाला मी पुढे निमित्त म्हणून वापरले. समज खरा होता; निमित्त खोटे होते.

मेघना आणि मी वेगळे झालो तेव्हा आमची रेवा आठ वर्षांची होती. मुलगी आईकडे राहणार, हे ठरले होते. तिच्या पालनपोषणासाठी मी किती द्यायचे, हे नव्हते. मेघनाने युगेंडआम्टकडे, म्हणजे इथल्या बालकल्याण कचेरीकडे अर्ज केला. मला पत्र आले : बारा महिन्यांची पगारपत्रके, करपत्र, इतर उत्पन्नाचे पुरावे घेऊन चर्चेस यावे. मी कुंदाताईंना सोबत नेले. माझे जर्मन कच्चे होते हे खरेच. पण 'ताई आपल्या आहेत, सांभाळून घेतील' हा हिशेबही मनात होता, आणि हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

खोलीत फ्राऊ केलर नावाच्या अधिकारी होत्या. टेबलाच्या एका बाजूला त्या, समोर मी, आणि कुंदाताईंनी आपली खुर्ची ओढून घेतली ती टेबलाच्या कोपऱ्यावर, दोघांपासून सारख्या अंतरावर. छोटी वही काढली, पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. फ्राऊ केलरनी आरंभीच सांगितले की त्या आईच्या बाजूने बसलेल्या नाहीत आणि माझ्याही नाहीत. त्या रेवाच्या बाजूने बसल्या आहेत. मग त्यांनी एक तक्ता दाखवला. डावीकडे उत्पन्नाच्या पायऱ्या, वर मुलाचे वय. दोन्ही जिथे भेटतात, ती बापाची जबाबदारी. आईला पुण्याला पैसे पाठवतो, ते वजा करा, असे मी म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, आधी अज्ञान मूल, मग आईवडील. मी चिडून मराठीत पुटपुटलो, "आता माझे बनियनही मोजणार का ही बाई?" कुंदाताईंनी क्षणही न दवडता, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, ते जर्मनमध्ये सांगून टाकले. फ्राऊ केलर हसल्या. "नाईन, नाईन," म्हणजे नाही, नाही. "पगारपत्रकं पुरेत."

त्या हसण्यानंतर लगेच तो प्रश्न आला. कुंदाताईंनी तो मराठीत आणला : "याखेरीज काही उत्पन्न आहे का? भाडं, व्याज, परदेशातली मालमत्ता?" विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या भाचीने त्याच आठवड्यात माझ्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीतल्या जास्वंदीचा फोटो पाठवला होता. तो त्यांनी मला गाडीत दाखवला होता.

मी म्हणालो, "नाही."

कुंदाताई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "आल्झो?" फ्राऊ केलरनी विचारले, म्हणजे, मग? आणि मग कुंदाताई माझ्या जागी उभ्या राहून, स्वतःच्या आवाजात, अतिशय शुद्ध जर्मनमध्ये म्हणाल्या : मला दुसरे काहीही उत्पन्न नाही.

फ्राऊ केलरचे बोट तक्त्यावर खालच्या पायरीवर टेकले. काही दिवसांनी त्याच इमारतीत, दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर, त्या पायरीचा करारनामा मोठ्याने वाचला गेला आणि मी सही केली. त्या दिवशी दुभाषी कुणी दुसरेच होते.

चर्चेच्या दिवशी निघण्यापूर्वी कुंदाताईंनी आपल्या वहीतले पान फाडले, चार घड्या घातल्या आणि फ्राऊ केलरच्या कागद कातरायच्या यंत्रात टाकले. तोही नियमच. परतताना आम्ही एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, निघालो. चौथ्या स्थानकाला त्या म्हणाल्या, "तिथे मी कुंदा नसते रे, मंदार. तिथे मी तू असते. आज मला तू व्हायला फार जड गेलं."

"अहो ताई, तो फ्लॅट म्हणजे... आईच्या म्हातारपणासाठी..."

"मला नको सांगूस. मी कुणाला सांगायची नाही. मला सांगता येत नाही, आणि ते तुला ठाऊक होतं." मग थोड्या वेळाने, जरा मऊ होऊन : "तू स्वतः चिठ्ठी लिही त्यांना. चुकलं म्हणावं. मी येते सोबत."

"बघतो," मी म्हणालो.

पुढे मी इंगोलश्टाटला नोकरी घेतली. एकाआड एक शनिवारी रेवाला भेटायला स्टुटगार्टला येत राहिलो. दर दिवाळीत कुंदाताई भेटत, हातावर चकली ठेवत आणि एवढेच विचारत, "बघितलंस?" मी म्हणे, "बघतो, ताई." गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी विचारले नाही. चकली दिली, माझ्या डोक्यावरचे विरळ केस पाहून "अगदीच विमानतळ झालाय की रे" म्हणाल्या, आणि दुसऱ्याशी बोलू लागल्या. ते न विचारणे मी इंगोलश्टाटपर्यंत सोबत नेले. ती आमची शेवटची भेट.

त्यांच्या शोकसभेत कुणीतरी म्हणाले, गुडघ्यांमुळे ताईंनी दुभाषाचे काम एकाएकी सोडले, नाहीतर केवढा आधार होता. मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या त्या चर्चेनंतर कुंदाताई कुणासाठीही तशा खोलीत गेल्या नव्हत्या. आणि त्याच गुडघ्यांनी त्या शेवटपर्यंत टेकडीच्या पायऱ्या चढत होत्या. मग रेवा उठली. ती सतरा वर्षांची, मराठी सगळे समजते, पण बोलते जर्मन. ती म्हणाली की बुधवार हा तिच्यासाठी कुंदाआजीचा वार होता. शाळा सुटली की आजी फाटकापाशी उभी असे. थालीपीठ, गृहपाठ, मग पोहण्याचा तलाव. आजी काठावर बसून तिचे पल्ले मोजत असे. नऊ वर्षे. मी एकाआड एक शनिवारचा बाप. बुधवारी माझ्या मुलीचे काय होते, हे विचारावे असे मला नऊ वर्षांत सुचले नव्हते.

बाहेर आल्यावर मी मेघनाला विचारले. ती साधेपणाने म्हणाली, "तुझा आकडा ठरला, तेव्हा मी बुधवारची जादा पाळी घेतली. कुंदाताईंनी आपणहून फोन केला. 'बुधवार माझा,' म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, कशाला त्रास? तर म्हणाल्या, 'माझं देणं आहे.' मला वाटलं, वयस्कर माणूस, काहीतरी बोलतंय."

 कुंदाताईंनी कचेरीतले ते वाक्य 'मी' म्हणून उच्चारले होते, आणि पुढे 'मी' म्हणूनच निभावले होते. मी बाप असून जे टाळले, ते त्या दुभाषी असून फेडत बसल्या... दर बुधवारी, काठावरच्या ओल्या बाकावर.

रेवा उन्हाळ्यात अठरा पूर्ण करील. मग त्या कचेरीतली फाईल बंद होईल. मी आणखी थोडे दिवस गप्प बसलो असतो तरी कुणी काही विचारणार नव्हते. मी भाड्याची कागदपत्रे गोळा केली आणि वेळ मागून घेतली. फ्राऊ केलर निवृत्त झाल्या होत्या. तरुण अधिकाऱ्याने विचारले, दुभाषी हवा आहे का? मी नको म्हणालो. माझे जर्मन अडखळले, पण सांगून झाले. फरकाचे काय करायचे ते ठरेल. काही कायद्याने बंधनकारक, काही नुसतेच माझ्यावर. निघताना त्याने विचारले, "मुलीला ठाऊक आहे?" मी म्हटले, नाही. "ते इथे सांगून होत नाही," तो म्हणाला.

गेल्या शनिवारी आम्ही तिघे कुंदाताईंचे घर आवरायला गेलो. घरमालकाला किल्ल्या द्यायच्या होत्या आणि पुण्याहून भाचीला येता येत नव्हते. स्वयंपाकघरातले टेबल तेवढे उरले होते, आणि त्याच्या कोपऱ्यावर तिरपी ठेवलेली त्यांची खुर्ची. घरातही त्या तिथेच बसत, कुणाच्याही बाजूला नाही. चहा घेताना आम्ही तिघेही, न ठरवता, ती सोडून बसलो. रेवाने खणातून दुभाषाच्या छोट्या वह्यांचा गठ्ठा काढला. एकेक उघडून पाहिली. पुठ्ठे झिजलेले, तारेत फाटलेल्या पानांचे दाते अडकलेले, आणि उरलेली पाने सगळी कोरी.

"वारुम?" तिने विचारले. असे का? मी सांगितले की लिहिलेले पान त्या तिथल्या तिथे नष्ट करत. कुणाचे बोलणे त्यांनी कधी घरी आणले नाही.

"मग कुणी काय सांगितलं ते कुणालाच कळणार नाही?" ती जर्मनमध्ये म्हणाली.

"एका पानावर काय होतं, ते मला माहीत आहे," मी म्हणालो. मेघनाने कप खाली ठेवला. मराठीत बोललो असतो तर रेवाला समजले असते. पण ते वाक्य या घराच्या मालकिणीने माझ्यासाठी जर्मनमध्ये उच्चारले होते, आणि ते त्याच भाषेत, माझ्या तोंडाने परत घ्यायला हवे होते. मी ते आठवडाभर घोकले होते.

"रेवा, तू आठ वर्षांची होतीस. तुझ्यासाठी किती द्यायचं ते ठरत होतं आणि मला विचारलं, आणखी काही आहे का? मी नाही म्हणालो. होतं. मी खोटं बोललो, आणि ते कुंदाआजीला बोलायला लावलं. तुझ्या आईच्या जादा पाळ्या आणि आजीचे बुधवार त्यातून आले. चूक माझी होती, दुसऱ्या कुणाचीच नाही. मला क्षमा कर. मेघना, तूही." मग मी कोपऱ्यावरच्या त्या खुर्चीकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "कुंदाताई, बघितलं हो. फार उशीर केला... मला क्षमा करा."