भाऊच्या हृदयातला व्रण

भडगाव सुटलं तेव्हा ऊन चढलं होतं. पुलाखाली गिरणेची नुसती वाळू दिसत होती. माझा थोरला भाऊ खिडकीशी बसला होता. याच रस्त्यावर त्याने वर्षानुवर्षं एसटीची लाल गाडी चालवली. आज तो प्रवासी होता. हृदयविकाराच्या झटक्यातून उठून तो पुन्हा कामावर गेला, पण अलीकडे त्याची छाती अचानक धडधडू लागे. म्हणून मी नाशिकहून येऊन त्याला धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेत होते.

दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली उजाड रानं. पारोळ्याला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच्या खाणावळीत शेवभाजी मागवली. भाऊने पहिला घास मोडला आणि त्याचा हात तसाच थांबला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. खाणावळवाल्या अक्कांनी त्याला बाकावर आडवं केलं, पदराने वारा घातला. थोड्या वेळाने ठोके आपोआप ताळ्यावर आले. ताट तसंच राहिलं.

धुळ्यात पांझरा ओलांडून आम्ही देवपुरात पोचलो. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलत. झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो, तो जुना झाला की काहींच्या व्रणात चरबी भरते, असं त्यांनी सांगितलं. ठोक्याची वीज तिथे अडते, वळसा घेते आणि तिथल्या तिथे फिरत राहते. मग ठोके सैरभैर होतात. मी तूप बंद करू का म्हणून विचारलं. ही चरबी ताटातली नाही, ते म्हणाले, शरीर ती आपणच भरतं. भाऊच्या व्रणात ती आहे का, हे त्यांना बाहेरून दिसत नव्हतं. त्यांनी गोळ्या दिल्या. हमी दिली नाही.

"गाडी चालवताना शुद्ध गेली तर?" त्यांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, "बठ्ठा लोके मन्हा भरवसावर बसतस." (सगळे लोक माझ्या भरवशावर बसतात.)

भडगावला उतरल्यावर तो घरी न येता आधी एसटीच्या साहेबांकडे गेला आणि गाडी चालवणं सोडत असल्याचं सांगून आला. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

पोळ्याच्या सुमारास, ओट्यावर चहा पिता पिता तो गेला. बातमी ऐकून मी पुन्हा त्याच रस्त्याने निघाले. गाडी गच्च भरली होती. बायका, पोरं, बाजाराच्या पिशव्या. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. यांतलं कुणी त्याला ओळखत नव्हतं, आणि सगळे सुखरूप घरी चालले होते.