उन्हात बसलेला रानपिंगळा

मेळघाटात रानपिंगळा बघायला जाताना मी हौसेनं मोठी विजेरी नेली होती. घुबडाच्याच जातीचा पक्षी, म्हणजे रात्र जागवावी लागणार! पण वाट दाखवायला आलेल्या फुलमाबाई सकाळी नऊलाच सागाच्या रानात थांबल्या आणि म्हणाल्या, "थो पाहा ताई. उनात बसला हाय."

खरंच बसला होता! ओंजळीत मावेल एवढा जीव, वठलेल्या सागावर, लख्ख उन्हात. पिवळे डोळे सताड उघडे, शेपटी सारखी उजवीडावीकडे झटकत. क्षणात खाली झेपावला आणि सरडा घेऊन परत त्याच फांदीवर! मी टाळीच वाजवणार होते, कसाबसा हात आवरला. जाणकारांनी एके काळी हा पक्षी संपला असंच धरलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी तो पुन्हा सापडला, आणि आज माझ्यासमोर न्याहारी करत होता!

त्याच्या मागे खोडात ढोली होती. सरपणाला इतकं सोयीचं वाळकं झाड, वाटेच्या कडेला, आणि कुऱ्हाडीचा एक घाव नाही. मी विचारलं तर फुलमाबाई म्हणाल्या, "ढोलीचं झाड सोडायचं, माह्या मायनं शिकवलं. कोनाचं तरी घर असते त्यात."

मी उत्साहानं त्यांना सगळी गोष्ट सांगितली. हा कसा हरवला, कसा सापडला, केवढा आनंद झाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पिंगळ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं,

"थो हरवला कवा होता?"