जिवंत माणसाला आलेली परतभेट

तोमोए शिनोहारा रागावली की बोलत नसे. हाताशी असेल त्या कागदाला घड्या घालीत बसे. इयो-मिशिमा गावच्या कागद गिरणीतील वेष्टनविभागाचे लोक तिच्या टेबलावरील घड्या पाहूनच त्या दिवसाचे हवामान ओळखत. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात तिच्या मुखातून अपशब्द निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते.

तिचे वडील तोकुजि हे कागदी दोऱ्या वळणारे कारागीर. कागदाची पट्टी पिळावी, खळ लावून ताणावी, वाळवावी आणि तिच्या गाठींनी आहेराची पाकिटे सजवावी, हीच त्यांची जन्मभराची उपासना. लग्नाची गाठ कोणती, बारशाची कोणती, प्रेतकार्याची कोणती, हे तोमोए अक्षरओळखीच्याही आधी शिकली. वस्तूच्या आधी वेष्टन बोलते, हे त्या घरातील श्रुतिवचन होते. पुढे गाठींचा धंदा उतरला आणि ती गिरणीत वेष्टने चितारू लागली.

दोन वर्षांपूर्वी तोकुजिंची शस्त्रक्रिया झाली आणि लघवीवरील त्यांचा ताबा गेला. बुधवारचा मित्रांबरोबरचा पटाचा डाव सुटला. अकरा महिने झाले, त्यांनी उंबरठाही ओलांडला नव्हता. सकाळी एक पेला पाणी, मग दिवसभर ओठ कोरडे. उन्हाळ्यात ते चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टरांनी तोमोएलाच खडसावले.

"बाबा, आपल्याच गिरणीत बनतात ते कागदी लंगोट. वापरा की."

"पुड्यावर काय छापलंय ते वाचलंस? 'आजोबांची गळती, आता विसरा!' आणि वर तो दात काढणारा म्हातारा. मला नाही हसू येत."

म्हणून, गिरणी लंगोटांचे नवे वेष्टन काढणार असे कळताच तिने चार महिने खपून आराखडे केले. वडील पुन्हा घराबाहेर पडतील ही एकच आशा त्यात होती. निवड करणाऱ्या समितीत पाच पुरुष होते. तसला पुडा दुकानातून स्वतः विकत आणण्याचा प्रसंग त्यांतील एकावरही आला नव्हता. त्यांनी बाहेरच्या कोणा चित्रकाराची पेटी पसंत केली: राखाडी जांभळा रंग, कोपऱ्यात पांढरे कमळ, मध्यावर रुपेरी आडवी रेघ.

"साहेब, ही तर परतभेट दिसते," तोमोए म्हणाली. प्रेतकार्याला दिलेल्या आहेराच्या बदल्यात शोकाकुल घराकडून जी भेट येते, तिचे रूप हुबेहूब असेच असते.

विभागप्रमुख शिराइशि हसले. "शिनोहाराबाई, तुम्ही अजून गाठीतच अडकलाय. शहरात याला शालीन म्हणतात. कुणाच्या नजरेत भरत नाही, बस्स."

मान्यतापत्र टेबलोटेबल फिरत तिच्यापर्यंत आले. तिने आपल्या नावाचा शिक्का उमटवला, आणि रीतीप्रमाणे तो वरिष्ठांच्या शिक्क्याकडे किंचित झुकवला, जणू नमस्कारच.

नमुन्याच्या पेट्या गावातील वृद्धांच्या घरी गेल्या. त्या संध्याकाळी तोमोए घरी आली तेव्हा देवघरात पूर्वजांपुढे ती पेटी ठेवलेली, शेजारी उदबत्ती जळत असलेली, आणि तोकुजि फोनवर विचारत होते, "गोतो, कोण गेलं रे?"

पलीकडून त्यांच्या बहिऱ्या मित्राचा आवाज खोलीभर घुमला. "तुझ्याकडंही आली? मीही देवापुढं ठेवलीय. नाव कुणाचंच नाही. मला वाटलं तूच गेलास!"

"मग हा फोन कुणी केला, गाढवा?"

फोन ठेवून त्यांनी पेटी उघडली. आत लंगोट होते.

"माझ्या मरणाची परतभेट मलाच, तीही आगाऊ. कुणी केलं हे, तोमोए?"

त्या क्षणी तिच्या क्रोधाचा पहिला विषय ती स्वतःच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकणावरील उदबत्तीच्या राखेसह ती पेटी तिने शिराइशिंच्या टेबलावर आदळली. "माझ्या बापानं ही देवापुढं ठेवली. त्याच्या मित्रानंही."

"म्हातारी माणसं, गोंधळतात. आणि हे बघा," त्यांनी मान्यतापत्र पुढे सरकवले, "हा शिक्का कुणाचा?"

"माझा. भित्र्या बाईचा. बघा ना, कसा वाकलाय!"

तिने पट्टी घेतली, आपल्या शिक्क्यावर दोन सरळ रेघा ओढल्या आणि शेजारी नवा शिक्का ताठ उमटवून मान्यता रीतसर मागे घेतली.

"अहो, काय करताय! आता हे परत सातही टेबलं फिरणार!"

"फिरू दे. तुम्हाला लाज झाकायचीय, साहेब. पण लाज वाटायला त्यांनी केलंय काय? म्हातारे झाले, एवढंच ना? मुडद्यांनो, जिवंत माणसं आहेत ती!"

तोमोए पिशवी उचलून निघाली.

अवेळी घरी आलेल्या लेकीकडे पाहून तोकुजिंनी विचारले, "हाकललं?"

"अजून नाही. पण पेटी अडवली." तिने झाले ते सांगितले, स्वतःच्या शिक्क्यासह.

ते सगळे ऐकून घेतल्यावर वडील तणतणले, "आणि तुझे ते आराखडे? घरात बसून काढलेस ना? दुकानात शेजारी काय मांडलंय ते बघायचं असतं, एवढंही शिकवलं नव्हतं मी? थांब." ते खोलीत गेले. बंद दाराआड नमुन्यातल्या लंगोटाचा कागद चरचरला. मग इस्त्रीची विजार घालून बाहेर आले आणि जोडे शोधू लागले. तोमोएने ते हळूच त्यांच्या पुढ्यात सरकवले. आवाज झाला तर बाबा परत फिरतील, या भयाने.

औषधांच्या दुकानात ते फडताळासमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि एकेक पुडा उचलून खणखणीत वाचू लागले. "'निर्धास्त आजी.' कुणाची आजी? 'गुपचूप साथी.' चोर आहे का हा?" विक्रेत्या मुलीचे कान लाल झाले. तोकुजिंनी निळ्या पुड्याला हात घातला.

शेजारी एक वृद्धा टोपलीतला तसलाच पुडा वर्तमानपत्राने झाकून उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मग चिडून म्हणाली, "अहो, तो निळा नका घेऊ. उघडताना इतका वाजतो, की माझ्या सुनेला वरच्या मजल्यावर ऐकू जातं."

तोकुजि लेकीकडे वळले. "बघतेस काय? लिहून घे."