खाकरणारा नवरदेव

दर आठवड्याची श्रुतिका ऐकायला आमच्या रेडिओपुढं निम्मं तिसगाव जमायचं. बैलसुद्धा रवंथ थांबवायचे. तिच्यातला गोडबोल्या प्रियकर प्रेमाचं बोलण्याआधी हळूच खाकरायचा.

"खाकरतोय म्हंजी घरी बायकू हाय ह्याला," आत्यानं निकाल दिला आणि गावानं तो मानला.

पुढं थोरल्या बहिणीला बघायला नगरचं स्थळ आलं. पोह्यांचा पहिला घास घेऊन मुलगा खाकरला. अख्खी बैठक गार पडली.

आत्या कडाडली, "पावनं, पयली बायकू कुठं ठिवली?"

पाहुणे उठलेच. तेवढ्यात दाराआडून बहीण म्हणाली, "आत्या, मिरची माझ्याच हातनं जास्त पडली. अन् मला मुलगा पसंत हाय."

आत्या माझ्या कानात पुटपुटली, "बघ, हिलाबी फितवली त्यानं."