खिरीचा वेगळा टोप

साजगावजवळच्या मदरशात मौलाना मुबीन खोत पंधरा वर्षं शिकवत होते. वर्गात त्यांची उर्दू कडक इस्त्रीची. "अज़ीज़ तलबा, दीन बीच का रास्ता है. न इधर झुको, न उधर." फाटकाबाहेर पाऊल पडलं की इस्त्री मोडायची. "काय रं रूपेश, गुरं कुठं सोडलीस? आमचा पालक साफ झाला की!" वसतिगृहातली मुलं दोन्ही आवाजांच्या नकला करायची आणि मौलाना ऐकू न आल्यासारखं करायचे.

शेजाऱ्याचा मान राखावा, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवू नयेत, हे साठच्या साठ पोरांना तोंडपाठ होतं.

नवं भात घरात आलं की शेजारचे आबाजी दरवर्षी खिरीचा डबा आणायचे. यंदा दारात सरफराज होता. सोळा वर्षांचा, बिहारातल्या अररियाहून शिकायला आलेला. "चढावा है? हमको नहीं चलता." डबा तसाच परत. दुसऱ्या दिवशी मौलानांच्या हाकेला आबाजींनी ओ दिली नाही.

पंधरा वर्षांचा शेजार असा तुटू द्यायचा नव्हता. मौलाना सरफराजला घेऊन त्यांच्या ओटीवर गेले. "पोर हाय, आबाजी. चुकलं त्याचं."

"पोराचं काय नाय ओ. पन तुमी त्याला सांगितलं नाय? तुमची खीर वेगळ्या टोपात शिजते. देवापुढं जातच नाय. आमच्या कारभारनीनं, अंबाबाईनं, पयल्या सालापास्नं टोप राखून ठेवलाय."

मौलानांनी हे कधी विचारलंच नव्हतं.

"इतकी वर्षं खाताय, पोरांना येवढं सांगायचं नाय?"

नुसतं 'विसरलो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण सरफराज त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"मी खाल्ली नाय," मौलाना म्हणाले. "निवदाची समजून सैपाकाच्या गोदाला द्यायचो. दर साली."

"मंग 'झकास झालती' कोन म्हनायचं?"

"मीच."

"आन गोदा?"

"ती म्हनायची, गूळ कमी हाय."

आबाजींनी सरफराजकडे बोट केलं. "तुमच्यापरीस ह्यो पोरगा बरा. तोंडावर तरी बोलला. यंदाची गाईला घातली. फुडल्या साली हितं बसायचं. खायचं, आन मग सांगायचं."

"येतो," मौलाना म्हणाले.

अंबाबाईंनी आतून चहाचा एकच कप आणला आणि तो सरफराजच्या हातात दिला.