काकांचं पिंपळपान

बेलवलीत माझ्या घरी दर शनिवारी सुईविणकामाचा क्लास असतो. ताणलेल्या उभ्या धाग्यांतून सुईने आडवा धागा खालीवर नेत चित्र कसं भरायचं, ते मी शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिथे एक काका आले, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले. हातात बायकोने अर्धं विणलेलं पिंपळपान होतं. ती महिन्यापूर्वीच गेली होती.

"मॅडम, हे मला पूर्ण करायचंय. पण तिच्यासारखंच दिसलं पाहिजे."

कॅम्प चारच्या बाजारातली दुकानं पालथी घालून मी अगदी तोच हिरवा धागा आणला. काकांनी जुन्या कापडावर चार महिने हात बसवला, मग पानाला सुई लावली. "एवढं घट्ट ओढू नका, काकूंचा धागा सैल आहे," असं मी सारखी सांगायचे. त्यांनी तेही उचललं.

पान पूर्ण झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. काका मात्र पानावरून बोट फिरवत राहिले.

"तिचं कुठपर्यंत होतं, मॅडम?"

मी कापड उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. मलाही सांगता येईना.

"ती थांबली होती तिथे मी रोज हात ठेवायचो," ते म्हणाले. "आता ती जागाच राहिली नाही."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. मी फोन केला, तर म्हणाले, "झालं ना पूर्ण. आता काय शिकायचं?"

जरा वेगळा हिरवा घ्या, एवढंच मी सुचवायला हवं होतं. पण रंग जुळल्याच्या आनंदात मला ते सुचलंच नाही.