रूपराव पाटील आणि मोटेचा बैल

वडनेरचे रूपराव पाटील सरळ बोललेलं वाकडं ऐकत. कुणी ‘जेवण झालं काय’ विचारलं, तरी यानं आपल्या चुलीत डोकावून पाहिलं की काय, अशी शंका त्यांना येई. कीर्तनात कंजूष माणसाची गोष्ट निघाली, की ते उठून चपला शोधत.

१९५४ च्या पोळ्याला त्यांची जोडी तोरणाखाली उभी होती. अशा वेळी खड्या आवाजात झडत्या म्हणायच्या, यमक जुळवून एकमेकांना चिमटे काढायचे, ही तिकडची रीत. पाटलांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, टिकाराम पुढे झाला:

“मोटेचा बैल म्हने, पानी माह्या जोरानं,
इहीर हासे खाली, भरली आपल्या झऱ्यानं!”

लोक खदखदले. पाटलांनी त्याच उन्हाळ्यात विहीर खणली होती आणि ‘माह्या हिमतीनं पानी लागलं’ हे गावाला पाठ करवलं होतं.

“बैल कोन रे?” घरी येताच त्यांनी विचारलं.

“बैल म्हंजे बैल, मालक.”

पाटील तडक अण्णाजी मास्तरांकडे गेले. “मास्तर, बैलाचं नाव घेऊन मानसाले मारता येते काय?”

“येते ना! अन्योक्ती म्हणतात तिला,” मास्तर खुशीत म्हणाले. “लेकी बोले, सुने लागे.”

पुस्तकात नाव आहे, म्हणजे ही लबाडी जुनीच आहे तर. पाटलांनी परत येऊन बजावलं, “उद्या तान्ह्या पोळ्याले सगळ्यायसमोर झडती म्हनजो. बैल नाई, इहीर नाई. माह्यं नाव घेऊन चांगलं बोलजो. नाई तं गाठोडं बांधजो.”

टिकारामचं घर म्हणजे पाटलांच्या गोठ्यामागची खोली. आतून त्याच्या बायकोचा, सुंदराचा, आवाज आला, “चांगलंच बोलजा जी!” पाटील दारातच थबकले. असं जोर देऊन काऊन म्हणाली?

दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन जमली. टिकारामनं मान खाली घालून म्हटलं:

“रूपराव पाटील मोठे, त्यायचं मन उदार,
त्यायच्या घरी सुखी गडी, सुखी सालदार!”

मग गडीमाणसांतून कवडू ओरडला, “वा रे सुखी!” आणि कालच्या बैलाच्या झडतीपेक्षा मोठा हशा उसळला.

पाटील मास्तरांकडे वळले. “आता हे कोन्तं?”

“बोल तर स्तुतीचेच आहेत,” मास्तर चाचरले. “पण वरून स्तुती, आतून निंदा असेल, तर व्याजस्तुती.”

“असेल तर? म्हंजे तुमाले बी मालूम नाई?”

टिकारामच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याला काढावं, तर सुखी सालदार खोटा पडणार, आणि तो खोटा पाडणारे स्वतः पाटीलच. कवडू तेवढ्याचीच वाट पाहत दात काढून उभा होता.

“सकाळी कपाशीतलं तन काढाले डवरा धरजो,” पाटील म्हणाले.

“होय मालक. तुमची किरपा हाये.”

घर येईपर्यंत पाटील त्या किरपेचा अर्थ लावत होते.